चार्ज घेताना

मढवीदादा एकतीस तारखेला रिटायर होणार
म्हणून आम्ही दोघं नऊ तारखेपासून मोजतोय.
तुर्भ्याच्या पोलीस ठाण्यामागे, जिन्याखाली, एक खोली.
खिडकीला जाळी, जाळीत कबुतरांची पिसं.
तो रजिस्टरमधलं वाचतो, मी वस्तू शोधते,
सापडली की म्हणते, ‘आहे.’
दिवसभर एवढंच.

लोखंडी पाईप, एक, मुठीला सुतळी. आहे.
साडी, जांभळी, काठ जळालेला. आहे.
देशी दारू, बाटल्या चाळीस.
बुचं जागेवर, आतली निम्मी उडालेली.
‘कोणी प्यायली?’
‘उन्हानं. त्याच्यावर गुन्हा नाही नोंदवला.’

मी भरती झाले तेव्हा आईनं घणसोलीत पेढे वाटले होते.
तिच्या डोळ्यांसमोर शिट्टी, जीप, कमरेला पिस्तूल.
आता बायका विचारतात, पोरीला ड्युटी काय,
ती म्हणते, ‘सांभाळते.’
काय सांभाळते ते सांगत नाही.
साहेबसुद्धा ऑर्डर देताना टेबलाकडे बघत होते:
गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तुमचं, बसून काम आहे.
इथे खुर्ची नाही.

दादानं सांगितलं ते ट्रेनिंगला कोणी सांगितलं नव्हतं.
रक्ताचं कापड प्लॅस्टिकमध्ये कुजतं, कागदात बांध.
लाख जास्त तापवू नको, शिक्का पसरतो.
गांजा वाळतो, वजनात घटतो;
आजच लिहून ठेव किती भरला, कुठल्या काट्यावर,
नाहीतर सहा वर्षांनी ठाण्याच्या कोर्टात वकील विचारेल,
बाकीचे चाळीस ग्रॅम कुठे गेले बाई,
आणि ज्यांनी पकडला तेही तुझ्याकडेच बघतील.
उंदराला पिंजरा, विष नाही.
विष खाऊन तो कुठल्या पोत्यात मरेल, नेम नाही.
सोनं काढताना दोन माणसं, कायम.
‘आपल्या माणसावरही भरवसा नाही?’
‘आहे. म्हणून तर दोन.’

एकोणीस तारखेला अडलो.
स्टीलचा डबा, तीन खणी,
झाकणावर कोरलेलं: हणमंत यास मामाकडून.
खाणीतला स्फोट, मयत एक, वय बावीस.
रॅकवर नाही. ट्रंकेत नाही.
मोटारसायकलींच्या सांगाड्यांमागे हात घातला,
हाताला जाळं आलं, डबा नाही.
दादा शोधत नव्हता.
चष्मा पुसत होता, पुसलेला चष्मा पुन्हा पुसत होता.

‘मी दिला तो.’

यल्लव्वा दर अमावास्येला यायची, म्हणाला,
दाराबाहेर बसायची, उन्हातच.
डबा मागायची नाही. फक्त विचारायची,
घासता का कधी?
केस निकाली निघाली होती, परतीचा आदेश कुठल्या टेबलावर अडकला
ते ना तिला कळलं ना मला.
एका दुपारी सील फोडलं.
आत भाकरीचं काय झालं होतं ते विचारू नकोस.
मी धुतला, मग दिला.
पावती नाही घेतली. अंगठा कुठल्या कागदावर घेऊ?

बत्तीस वर्षांत एक ओळ.
मी पेन धरून बसले. ‘आहे’ची दोन अक्षरं
माझ्या हाताला आता पाठ झाली होती.
‘पेन्शन अडेल, दादा.’
‘अडू दे महिनाभर. तू खोटं लिहून सुरुवात करू नकोस.
पुढच्या वेळी हे रजिस्टर तुला कोणाला तरी द्यायचंय.’

लिहिलं. नाही.
त्यानं माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं,
‘ह नीट काढ, कोर्टात वाचावं लागतं,’
आणि खाली सही केली, पूर्ण नावानिशी,
बक्कल नंबरासकट.

मग पुढचं वाचलं.
छत्री, काळी, एक, दांडा वाकलेला.
ती माझ्या पायाशीच होती.